हे बी चालवायचे

राधेश्यामनं ते काही मुद्दाम म्हटलं नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. मुद्दाम म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्याच्या पुतण्याचं लग्न, मंगल कार्यालयात जेवणाला रांग लागलेली, आणि मुलीकडचा कुणी जाडजूड पाहुणा राधेश्यामनं हाताला धरून आणलेला. मुकुंदच्या शेजारी आष्टीचा सोमेश्वर उभा होता. "हे सोमेश्वरराव," राधेश्याम म्हणाला, "आमच्या जमान्यातले मातीतल्या मोटारसायकल रेसचे चॅम्पियन. पूर्ण मराठवाड्यात जोड न्हवती यांना." पाहुण्यानं सोमेश्वरचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग राधेश्यामची नजर मुकुंदवर पडली. माणूस उभाच आहे तर त्याचंही काही सांगायला हवं, म्हणून तो म्हणाला, "अन् हे मुकुंदराव. हे बी चालवायचे." पाहुण्यानं मान हलवली आणि रांग कुठवर सरकली ते बघितलं. मुकुंदनं ताटात वरण घेतलं, भात घेतला, सोमेश्वरशी मोसंबीच्या भावाबद्दल बोलला, हसलासुद्धा. घरी येऊन पायजमा घालताना, एक पाय आत आणि एक बाहेर असताना, ते वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं आणि तो तसाच खाटेच्या कडेवर बसून राहिला.

हे बी चालवायचे. म्हणजे गल्लीतला दूधवालाही चालवायचा. विम्याच्या कचेरीत उभा जन्म काढून तो निवृत्त झाला होता, जालन्याच्या मस्तगडातलं घर, दोन मजले, मुलगी अर्पिता पुण्यात नोकरीला, रक्तदाब सोडला तर तक्रार करायला जागा नाही. आणि तरी त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी दिवसांत, दाढी करताना, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, ते तीन शब्द त्याच्या आत उठून बसत. त्याला सोमेश्वरचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला हेवा वाटत होता, आणि साठीला टेकलेल्या माणसाला हेवा वाटणं हे लहान मुलानं अंथरूण ओलं करावं तसं आहे, कुणाला सांगायची सोय नाही.

तेव्हा दोघं पंचविशी ओलांडलेले होते. दोघांकडेही येझदी. दिवे काढलेले, मडगार्ड काढलेले, पेट्रोलमध्ये तेल मिसळून निळा धूर सोडणाऱ्या त्या गाड्या. येझदीची किक डाव्या बाजूला. किक मारून गाडी सुरू झाली की तीच दांडी आत दाबून पुढं वळवायची, मग ती गिअर होते. इतरांना हे जमायचं नाही, ते उजव्या पायानं हवेत चाचपत राहायचे आणि मुकुंद आणि सोमेश्वर हसून लोटपोट व्हायचे. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या पडीक मैदानात टँकरनं पाणी मारून, भुशाची पोती रचून वळणं केलेली असत. लोक जिनिंगच्या भिंतीवर चढून बसत. शेवटच्या मोठ्या रेसमध्ये शेवटच्या वळणापर्यंत मुकुंद पुढं होता. पुढं होता, हे कुणाला आठवत नाही. वळणावर सोमेश्वर आतल्या बाजूनं घुसला, जिथून घुसायला जागाच नव्हती तिथून, आणि एका चाकाच्या फरकानं जिंकला. भिंतीवरचे लोक खाली उड्या टाकून त्याच्याकडे धावले. मुकुंदनं हेल्मेट काढलं तेव्हा त्याच्याजवळ फक्त राधेश्याम उभा होता, हातात पाना घेऊन. राधेश्याम तेव्हा मेकॅनिक होता, आता त्याचं मस्तगडातच स्पेअर पार्टचं मोठं दुकान आहे.

"खोलायचं का इंजन?" राधेश्यामनं हळूच विचारलं होतं. नियम तसाच होता. हरलेल्यानं पैसे भरून हरकत घेतली तर जिंकलेल्याचं इंजिन सगळ्यांसमोर खोलायचं, आत काही चोरून वाढवलेलं असेल तर बक्षीस परत. आणि बोलवा तर होतीच. सोमेश्वरच्या बापाकडं पैसा, त्यानं मुंबईहून परदेशी शॉकअप आणलेत, सिलेंडर मोठं करून घेतलंय. मुकुंद म्हणाला, "जाऊ दे. दोस्त हाय आपला." लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. काय मोठ्या मनाचा माणूस! त्या मोठ्या मनावर तो पुढं तीस-बत्तीस वर्षं जगला. सोमेश्वरची गाडी भारी होती. सिनेमा बघताना, बाळंतपणाच्या दवाखान्याबाहेर बसलेला असताना, बढती हुकली तेव्हा, त्याच्या मनात ते वाक्य एखाद्या घरच्या माणसासारखं वावरत असायचं. त्याची गाडी भारी होती. आणि ते खोलून बघितलेलं नव्हतं, म्हणून ते कुणी खोडूनही काढू शकत नव्हतं.

राधेश्यामच्या पुतण्याच्या लग्नानंतर महिनाभरात मुकुंदनं नवी गाडी घेतली. मातीत पळवायची, आजची, निव्वळ त्याच कामासाठी घडवलेली, रस्त्यावर आणायला परवानगीही नसलेली. संभाजीनगरच्या एका दुकानातून ती पिकअपमध्ये घालून आणली तेव्हा गल्लीतली माणसं जमली. त्याची बायको प्रेमला दारात उभी राहून बघत होती. तिनं पैशांचं काही विचारलं नाही, गुडघ्यांचंही नाही. निंबू चाकाखाली ठेवताना ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्हाला हौस असली तर घ्या. पण तुम्ही ही कुणाला दाखवायला घेऊन राह्यलेत?" बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला असं नेमक्या जागी बोट ठेवता येतं. मुकुंद म्हणाला, "कुणाला न्हाई. मला चालवायचीय." आणि निंबू चिरडलं.

मंठा रोडच्या पलीकडं प्लॉट पाडून ठेवलेली मोकळी जमीन आहे, खड्डे, मुरमाचे ढीग. तिथं सकाळी त्यानं ती पहिल्यांदा चालवली. सीट इतकी उंच की पायाचे चवडे कसेबसे टेकत होते. डावा पाय आपसूक किक शोधायला मागं गेला आणि नुसता हवेत फिरला. किक नव्हतीच. अंगठ्याखाली बटण होतं. बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली, पंखा सुरू होतो तशी. त्याला वाईट वाटलं. थंडीतल्या पहाटे किक मारमारून पोटरीला गोळे यायचे, गाडीला शिव्या द्यायच्या, हात जोडायचे, आणि मग ती एकदम फुटून सुरू झाली की छातीत जे व्हायचं, ते ह्या गाडीनं आधीच वजा करून टाकलं होतं. तो निघाला. पहिला खड्डा आला तेव्हा त्यानं सवयीनं दात आवळले, गुडघे वाकवले, कंबर उचलली, आणि काहीच झालं नाही. खड्डा कुठं गेला ते कळलं नाही. गाडीनं तो गिळला होता. त्यानं वळून त्याच खड्ड्यावर पुन्हा घातली, मग मुरमाच्या ढिगावरून, मग जोरात. जे शिकायला त्यानं एक मनगट मोडून घेतलं होतं, पाठीचा एक मणका कायमचा नाराज करून ठेवला होता, ते ही गाडी जन्मतःच येत असल्यासारखं करत होती. एवढं सोपं होतं? त्याला गाडीचाच हेवा वाटायला लागला. आज विशीत असलेल्या, ही गाडी वापरणाऱ्या आणि खड्डा म्हणजे काय हे कधी न कळणाऱ्या सगळ्या पोरांचा हेवा वाटला. मग त्याला सोमेश्वर आठवला आणि तो शांत झाला. आता भारी गाडी माझी आहे. त्याची ती जुनी येझदी अजून आहे म्हणतात, आष्टीच्या शेतावर. मुकुंदनं आपली कधीच भंगारात घातली होती. आता होऊ दे एकदा. ती भारी गाडी घेऊन तू जिंकलास, आता ही भारी गाडी घेऊन मी जिंकतो, म्हणजे फिटंफिट.

फोन केला तर सोमेश्वर इतका खूश झाला की मुकुंदला जरा पाप केल्यासारखं वाटलं. "ये की! कव्हाबी ये. मोसंबीच्या मागं रान रिकामंच पडलंय. अन् जेवायलाच ये." मुकुंदनं ओळखीच्या धम्मपालची पिकअप भाड्यानं ठरवली. पंपावर कॅनमध्ये पेट्रोल घेतलं. घरी ओट्याखाली बसून मनाशी शेवटचं वळण घेत होता, ह्या वेळी आतली बाजू सोडायची नाही, सोमेश्वर येईल तो आतूनच. हात आपलं काम करत होते. परतूरपर्यंत धम्मपालनं गाणी मोठ्यानं लावली होती.

आष्टीच्या बाहेर, मोसंबीची बाग ओलांडली की काळ्या मातीचं भेगाळलेलं रान होतं. तूर निघालेली. मधोमध शेततळं, त्याचा मातीचा बांध पुरुषभर उंच, आणि पार टोकाला एक बाभूळ. सोमेश्वर पोट सुटलेला, डोक्याला गमछा बांधून वाट बघत होता. गाडी पिकअपमधून उतरवताना त्यानं तिच्यावरून हात फिरवला, सगळीकडून, बैल घेताना फिरवतात तसा. "काय चीज हाय रे मुकुंदा. लेका, कमाल केलीस." त्याच्या आवाजात कुठंही खोट नव्हती. मुकुंद ती खोट शोधत होता. मग त्यानं टाकीत कॅन रिकामा केला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली, आणि थोड्याच वेळात मागून धूर निघायला लागला. निळा. आणि तो वास. सोमेश्वरनं नाक वर केलं, डोळे मिटले, आणि मग तो एकदम हसायला लागला, हसता हसता खालीच बसला. "अरे मुकुंदा! ह्यात तेल टाकलं का रे तू? टू स्ट्रोकचं तेल? ही नुस्त्या पेट्रोलवरची हाय!"

मुकुंदला ओट्याखालचा आपला हात दिसला. पंपावरून घेतलेली तेलाची पुडी, दातानं फाडलेली, कॅनमध्ये पिळलेली, मग झाकण लावून कॅन हलवलेला, खाली वर, खाली वर, जसा शेकडो वेळा हलवला होता. लाखांची गाडी आणि अडाण्यासारखी चूक, आणि तीही ह्याच्यासमोर. "बंद कर, बंद कर. काही होत न्हाई, धूर निघंन नुस्ता," सोमेश्वर म्हणाला. फवारणीच्या पंपाची नळी आणून त्यानं टाकीत घातली, तोंडानं ओढली, थुंकला, आणि पेट्रोल कॅनमध्ये परत काढलं. "दैवशाला! तुझ्या स्कुटीतलं पेट्रोल घेऊ का गं?" त्याची बायको बागेतून ओरडली, "घ्या! मला तरी कुठं जायाचंय. भाऊजी, च्या ठिवलाय!" सोमेश्वरनं कॅनमधलं तेलमिश्रित पेट्रोल उजेडात धरून बघितलं. "बराबर मिसळलंय. अगदी बराबर. हात विसरला न्हाई तुझा." मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "अरे, हे तर तिचंच जेवण हाय की!"

गोठ्याच्या पडवीतून त्यानं येझदी ढकलत आणली. गोणपाट काढलं. मुकुंदनं हात पुढं केला आणि मागं घेतला. एखादी बाई जी कधीकाळी आपल्याला सोडून दुसऱ्याबरोबर गेली ती म्हातारी होऊन समोर यावी, तसं. गाडी पुसलेली होती. साखळीला तेल होतं. माझी मी भंगारात घातली आणि ह्यानं जपली, इथंही हाच पुढं. मुकुंदच्या चुकीचं पेट्रोल तिच्या टाकीत गेलं. सोमेश्वरनं डाव्या पायानं किक मारली, एकदा, दोनदा, बऱ्याचदा, धापा टाकल्या, आणि ती फुटून सुरू झाली. धम्मपालनं मोबाईल काढून फोटो घेतला.

"चल मंग," सोमेश्वर म्हणाला. "बांधावरून, बाभळीला वळसा, अन् माघारी. कोणची घेतो?"

ह्याचसाठी तर सगळं केलं होतं. मुकुंदनं तोंड उघडलं आणि त्याला आपलाच आवाज ऐकू आला, "तू नवी घे. मला ही दे." का म्हणाला ते त्याला त्याच क्षणी कळलं. नवी घेऊन हरलो तर? मग काय उरलं? सोमेश्वरची गाडी भारी होती ह्या एका वाक्यावर आपण बत्तीस वर्षं टेकून उभे आहोत, ते वाक्य इथं ह्या रानात काढून कसं द्यायचं? जुनी घेऊन हरलो तर काहीच बिघडत नाही. त्याची गाडी भारी होती. पुन्हा. स्वतःच्या पैशानं घेतलेली भारी गाडी त्यानं सुरू करून सोमेश्वरच्या हातात दिली आणि त्याला फार हलकं वाटलं.

निघाले. सोमेश्वर नव्या गाडीवर सुटलाच, पोटासकट. मुकुंदनं दांडी पुढं वळवली, गिअर टाकला, आणि येझदी त्याच्या मांड्यांमध्ये थरथरली. पहिल्या पन्नास पावलांतच त्याला कळायला लागलं. हँडल डावीकडं ओढत होतं. थोडं नाही, चांगलंच. सांगाडाच वाकलेला होता, कधीचा तरी, रेसच्या दिवसांतला जुना वाक, कारण त्याच्यावरचा रंग मूळचा होता आणि तो तडकून तिथंच गंजला होता. मागचे शॉकअप साधे, कंपनीचे, त्याच्या स्वतःच्या गाडीला होते तेच. भेगेत चाक गेलं तसा तोच खडखडाट झाला, कण्यात तोच टोला बसला. इंजिनाचा आवाज त्यानं ऐकला. त्याचे कान अजून चांगले होते. वाढवलेलं काही नव्हतं. काहीच नव्हतं. उलट ही गाडी माझ्या गाडीपेक्षा वाईट आहे, मुकुंदला वाटलं, ही डावीकडं ओढणारी, वाकडी गाडी घेऊन हा त्या वळणात आतून घुसला होता. राधेश्यामनं पाना धरून विचारलं होतं तेव्हाच, आत काही नाही, हे आपल्याला माहीत होतं. म्हणूनच तर खोललं नाही. बांध आला. तो बांधावर चढला, क्षणभर हवेत गेला, जमिनीवर आदळला, आणि डोळ्यांत आलेलं पाणी धुळीमुळं आहे असं त्याला मानता आलं नाही.

आणि तेव्हा त्याला दिसलं की पुढं बाभळीखाली सोमेश्वर थांबलाय. वळताना गाडी बंद पडली होती. सोमेश्वर गाडी मांड्यांत धरून डावा पाय मागं नेत होता आणि किक मारत होता, हवेत, जिथं किक नव्हती. पुन्हा. पुन्हा. वाकून बघत होता दांडी कुठं गेली. बटण दाब, एवढे दोनच शब्द होते. मुकुंद त्याच्या अगदी जवळून गेला, इतका जवळून की सोमेश्वरनं वर बघितलं आणि ओशाळून हसला. मुकुंदनं बाभळीला वळसा घातला. ते दोन शब्द तो बोलला नाही. माघारी येताना हँडल सरळ धरायला दोन्ही दंड भरून आले, आणि तो पिकअपपाशी पोहोचला, पहिला.

सोमेश्वर बऱ्याच वेळानं आला. बटण सापडलं होतं. खाली उतरून तो घामाघूम होऊन हसत होता आणि त्यानं आधी येझदीच्या टाकीवर थाप मारली. "जितली न्हाई का पुन्हा! मुकुंदा, खरं सांगू का? तवाबी हीच जितल्ती. मी नुस्ता वर बसल्तो. गाडी भारी व्हती माझी."

हे वाक्य. हेच. मुकुंदनं ज्याची इतकी वर्षं वाट बघितली होती ते सोमेश्वरनं गमछ्यानं तोंड पुसता पुसता दिलं, सुट्टे परत द्यावेत तसं. मुकुंदचे दंड अजून त्या डावीकडं ओढणाऱ्या हँडलनं दुखत होते. वाकडी आहे रे ही, तो म्हणू शकला असता. ही वाकडी आहे आणि तू जिंकलास. तो म्हणाला, "हो. गाडी चांगलीच होती." सोमेश्वरनं त्याच्याकडं बघितलं, जरा जास्त वेळ, आणि मान डोलावली. सोमेश्वरला ठाऊक होतं. आपली गाडी वाकडी होती हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं.

धम्मपाल मोबाईलवरचा फोटो बघत जवळ आला. "काका, त्या टायमाला तुमच्या दोघांत पहिला नंबर कुणाचा असायचा?"

"यांचा," सोमेश्वर लगेच म्हणाला. "आत्ता बघितलं न्हाई का? हे चॅम्पियन. मी बी चालवायचो." आणि तो चहा झाला का बघायला बागेकडं वळलासुद्धा.

जेवून निघाले. परतूर गेलं. धम्मपालनं गाणी बंद केली होती, चॅम्पियन शेजारी बसलाय म्हणून. मागं नवी गाडी दोरखंडानं बांधलेली, खड्ड्यात जराही आवाज न करणारी. सोमेश्वरकडं काय होतं ते मुकुंदला आता कळलं होतं. ते गाडीत नव्हतं, बापाच्या पैशात नव्हतं, म्हणून ते कुठल्या दुकानातून आणताही येणार नव्हतं. त्याला इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता. त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं आणि इंजिनाच्या आवाजाआड हळूच म्हणून बघितलं, "मी बी चालवायचो." ते तक्रारीसारखं आलं. जरा थांबून पुन्हा म्हटलं. ह्या वेळी कुणीतरी नाही नाही म्हणावं, असं त्यात ऐकू आलं.

"काय म्हणले काका?" धम्मपालनं विचारलं.

"काही न्हाई," मुकुंद म्हणाला. वाटूर फाटा आला, गेला. तो जालन्यापर्यंत ते ओठांत घोळवत राहिला, आणि एकदाही ते सोमेश्वरसारखं सहज आलं नाही.